अर्काचं समान वाटप

सगळ्यांचं रक्त सारखंच निघालं, तेव्हा डॉक्टरीणबाईंना कपाळावर हात मारून घ्यायचाही कंटाळा आला.

पाल्याच्या अर्काची एक कॅप्सूल होती. तो अर्क रक्तात किती उतरतो आणि त्याने काही अपाय होत नाही ना, एवढंच बघायचं होतं. निम्म्या लोकांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना कोरी. म्हणजे निम्म्यांच्या रक्तात अर्क सापडायला हवा. इथे तर सगळ्यांच्याच रक्तात थोडा थोडा! हे काम हातावेगळं झालं, की बाईंना रजा मिळणार होती. रजेत कुठे जायचं नव्हतं, नुसतं झोपायचं होतं.

"मशीन बिघडलं असेल," साहेब म्हणाले. "अर्काला ज्याने बोटही लावलेलं नाही, अशा कोणाचं तरी रक्त घालून बघा."

असं रक्त हाताशी एकच होतं. बाईंनी बाही वर केली. मशीनने त्यांच्याही रक्तात अर्क दाखवला. झालं! मेकॅनिक आला, त्याने मशीनचा सगळा सांगाडा मोकळा केला, पुन्हा जोडला आणि ठणठणीत आहे म्हणून सांगून गेला.

"तुम्ही चोरून खात नाही ना?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी पर्स उचलली आणि घर गाठलं. माणसं मिळेनात म्हणून त्यांनी आपल्याच इमारतीतले लोक तपासणीसाठी धरले होते, सासूबाईंसकट. सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांचं दार उघडंच होतं. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर कॅप्सूलची रिकामी टरफलं आणि हिरव्या भुकटीचा ढीग. काका चमच्याने वाटे घालत होते.

"काका, हे काय चाललंय?"

"तुम्हीच सांगितलंत ना, निम्म्यांना कोरी म्हणून? आपल्या बिल्डिंगमध्ये असलं चालत नाही, ताई. सगळ्यांच्या गोळा करतो, मिसळतो, पुन्हा भरून देतो. कोणाला चिमूटभर कमी नाही की जास्त नाही!"

बाईंनी खुर्ची ओढून घेतली. भांडायची सोय नव्हती. वरच्या मजल्याला पाणी कमी येतं, सगळ्यांना सारखं मिळायला हवं, म्हणून गेल्याच मीटिंगमध्ये बाईंनीच सभा डोक्यावर घेतली होती.

"आता पुन्हा पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "आणि ज्याची त्याने खायची."

"तुम्ही म्हणता म्हणून," काका म्हणाले. "पण हा न्याय नव्हे."

घरी सासूबाई चहा गाळत होत्या.

"आई, बाकीच्यांचं कळलं. पण माझ्या रक्तात कुठून आला हो अर्क?"

सासूबाईंचा हात थांबला. "अगं, मरमर मरतेस. डोळे बघ कसे खोल गेलेत. माझ्या वाट्यातला अर्धा तुझ्या चहात घालत होते मी."

बाईंना रागवायचं होतं, पण भरूनच आलं. आपल्या डोळ्यांकडे कोणाचं लक्ष असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

सासूबाईंनी कप पुढे केला आणि हळूच विचारलं, "पण काय गं, त्याने काही अपाय तर होत नाही ना?"

"तेच तर बघत होतो आम्ही, आई," म्हणत बाईंनी कप तोंडाला लावला.