काळ्या कापडाखालचा जावई

"दोन मिनिटांचं काम आहे," असं थोरलीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ती दोन मिनिटं तिच्या नवऱ्याच्या हातात होती, इथेच सगळं फिसकटलं.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. त्यामुळे जगातल्या प्रत्येक भिंगातलं आपल्याला जन्मतःच कळतं, असा त्याचा पक्का समज. मोबाइलवर फोटो काढणारा माणूस दिसला की त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. अलीकडे त्याने कुठून तरी एक जुना, पेटीएवढा कॅमेरा पैदा केला होता. पुढे भिंग, मागे दुधी काच, मध्ये कापडी भाता. फोटो एका वेळी एकच, तोही काळ्या कापडात डोकं खुपसून. पण त्याचा खरा जीव जडला होता तो कॅमेऱ्याखालच्या गिअरच्या हेडवर. ट्रायपॉडच्या डोक्यावर बसवायचं ते अवजड धूड, त्याला तीन नॉब. एक फिरवला की कॅमेरा पुढेमागे झुकतो, दुसऱ्याने डावीउजवीकडे, तिसऱ्याने गोल फिरतो. फक्त इतका हळू, की फिरला की नाही ते बघायला चष्माच लागावा.

"केसाइतकं अचूक," असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. गिऱ्हाइकं बिचारी डोळे तपासून घ्यायला आलेली असत, पळणार कुठे.

थोरलीला अचूकपणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला हवा होता बाबा आणि काकांचा एक फोटो. दोघे सख्खे भाऊ, आणि एका शिडीवरून त्यांच्यात अबोला होता. शिडी बाबांची. काकांनी नेली आणि परत आणली तेव्हा तिची एक पायरी मोडलेली. आधीच मोडकी होती, हे काकांचं म्हणणं. धडधाकट दिली होती, हे बाबांचं. एवढ्यावर दोन शहाण्यासुरत्या माणसांनी तोंडं फिरवली आणि वर्षानुवर्षं ती नेटाने फिरवून ठेवली. बाबा आजारी पडले तेव्हा काका रोज हॉस्पिटलच्या फाटकापाशी येऊन बाकावर बसायचे आणि वर न येताच घरी जायचे. थोरलीने ते खिडकीतून पाहिलं होतं. ह्याच काकांनी तिला सायकल शिकवली होती. तो बाक आठवला की तिला रडू यायचं, आणि लगेच दोघांचाही संताप यायचा.

शेवटी महिनाभर दोघांच्या मागे लागून तिने त्यांना राजी केलं. शेजारी बसायचं, एक फोटो, बोलायची सक्ती नाही. बाबा म्हणाले, "फोटो निघाला की मी उठणार." काका म्हणाले, "मी त्याच्याआधी उठणार."

रविवारी दोघे आले. दिवाणखान्यात दोन खुर्च्यांवर, दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघत बसले. नवऱ्याने ट्रायपॉड उभा केला, वर हेड चढवलं आणि कॅमेरा उलटा करून त्याच्या बुडाला प्लेट लावायला घेतली. ही प्लेट हेडच्या खाचेत बसते आणि कॅमेरा तिच्यावर उभा राहतो. प्लेटचा स्क्रू बारीक, कॅमेऱ्याचं भोक मोठं. मध्ये एक पितळी रिंग लागते. ती रिंग दुकानात राहिली होती.

"हा गेलो आणि हा आलो," म्हणून तो गेला, आणि चहा निवून त्यावर साय धरली तेव्हा आला.

मग कॅमेरा चढवला. भिंगाचं तोंड स्वयंपाकघराकडे.

"उचलून फिरवा ना ट्रायपॉड," थोरली म्हणाली.

"उचलून? मग गिअर कशाला घेतलाय?" असं म्हणून तो नॉब फिरवायला लागला. भिंग स्वयंपाकघराकडून कपाटाकडे, कपाटाकडून दाराकडे असं निघालं. गोगलगाय शेजारी सोडली असती तर ती आधी पोचली असती.

बाबा भिंतीला म्हणाले, "दोन मिनिटं म्हणे."

काका आपल्या भिंतीला म्हणाले, "आता दारापर्यंत आलाय. दिवेलागणीला आपल्यापर्यंत येईल."

बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. थोरलीने ते पाहिलं आणि ती ट्रे हातात घेऊन तिथेच थबकली.

अखेर भिंग समोर आलं आणि नवरा काळ्या कापडात शिरला. दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं, डोकी खाली, पाय वर. त्यामुळे तो वर न्यायला जाई आणि कॅमेरा खाली येई.

"बाबा, तुमचं डोकं गेलं," कापडातून आवाज आला.

"माझं जागेवर आहे, जावईबापू. तुमचं बघा."

काका फसकन हसले. मग खुर्चीत वळून, भिंतीशी नाही, सरळ बाबांशी बोलले. "दादा, ह्याच्यापेक्षा तुझी शिडी बरी होती."

थोरलीने हातातला ट्रे घाईने टेबलावर ठेवला.

"बरी होतीच," बाबा म्हणाले. "फक्त पायरी तेवढी..." ते थांबले. कापडाबाहेर दिसणाऱ्या जावयाच्या ढुंगणाकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं. "जाऊ दे. जुनीच होती ती. तुझा गुडघा कसा आहे?"

मग गुडघे निघाले, शाळेतले मास्तर निघाले, विहिरीत पडलेली काकांची चप्पल निघाली. दोघे एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते आणि अधूनमधून, तोंडाला चव म्हणून, जावयाची टर उडवत होते. थोरलीने इतक्या वर्षांत बाबांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"झालंच," नवरा कापडातून बाहेर येत म्हणाला. "प्लेट जराशी तिरकी बसलीय. ती नीट केली की लगेच फोटो."

बाबांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले. काकांनी चपला कुठे आहेत ते बघून घेतलं. अट ती अट. फोटो निघणार आणि दोघे उठणार.

नवऱ्याने कॅमेरा खाली उतरवला, प्लेट सोडवून टेबलावर ठेवली आणि स्क्रूड्रायव्हर आणायला आत गेला. थोरलीने टेबलावरचे कप उचलले. कपांबरोबर कॅमेऱ्याची प्लेटही उचलली. स्वयंपाकघरात जाऊन तिने ती साखरेच्या डब्यात खोल दाबली आणि नवीन चहा टाकला.

"साखर कमी आहे गं," पहिल्याच घोटाला काका म्हणाले आणि ती उठायच्या आत कप घेऊन स्वतःच आत गेले. बाहेर आले ते मुकाट्याने. खुर्चीत बसून त्यांनी दादाला पुढची गोष्ट सांगायला घेतली.

इकडे नवऱ्याने गालिचा उलटवला, सोफ्याखाली सरपटला. मग त्याला अक्कल सुचली. "कपांबरोबर तर आत गेली नाही?" तो स्वयंपाकघरात घुसला. थोरली मागोमाग धावली आणि नेमकी साखरेच्या डब्यासमोर उभी राहिली.

"बाजूला हो जरा."

"साखरेत कशी असेल? काहीतरीच तुमचं."

त्याने डबा उघडला, चमचा तळापर्यंत घातला, ढवळला. थोरलीने डोळे मिटून घेतले.

"नाहीये," तो म्हणाला.

तिने डोळे उघडून आत पाहिलं. खरंच नव्हती.

अंधार पडायला लागला तसा उजेड गेला, असं नवऱ्याने दुःखाने जाहीर केलं. पुढच्या रविवारी नक्की. बाबांनी आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाले, "हा धाकटा येणार असेल तर येतो. एकट्याने तुमच्यासमोर बसायची माझी ताकद नाही." आणि ते काकांसाठी फाटकापाशी जाऊन उभे राहिले.

काका दारात चपला घालत रेंगाळले. नवरा आत फडक्याने हेड पुसत होता. काकांनी खिशातून प्लेट काढून थोरलीच्या हातावर ठेवली. ती साखरेने चिकट झाली होती.

"पुढच्या रविवारी दुसरीकडे ठेव," ते म्हणाले. "मला दुसऱ्या चहालाही साखर लागते."