जावईबापूंचा बगळा

बद्रीनाथ गुरुजींनी दुसऱ्या धोंड्याचा एक घास मोडला, तो तोंडात नुसताच घोळवला आणि ताट पुढं सरकवलं. झालं! हसनाबादच्या पुंजारामच्या घरात एकदम सुतक आल्यासारखं झालं. अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, पाटावर बसवून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वर वाण म्हणून काहीतरी द्यायचं, हा रिवाज. तीनेक वर्षांतून एकदा येणारा महिना, त्यात जावई अंबडला मास्तर. आणि असा जावई भरल्या ताटावरून उठायला निघतो म्हणजे काय?

"पुरण बिघडलं का वं जावईबापू?" सगुणाबाईंनी दारामागून विचारलं.

"न्हाई मामी, चांगलं झालं."

"मंग काही कमी पडलं का?" हे पुंजाराम.

"काही न्हाई मामा."

आता सासुरवाडीत हे 'काही न्हाई' फार वाईट. शेजारच्याच पाटावर भावकीतले आबाराव जेवत होते. आजूबाजूच्या गावांत कुणाचा जावई रुसला की समजूत काढायला त्यांनाच बोलावणं यायचं, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. त्यांनी हात धुतला आणि पुंजारामला ओसरीच्या कोपऱ्यात ओढलं.

"रुसले."

"कशावरून?"

"काही न्हाई म्हणले ना? मंग! रुसलेला जावई दुसरं काय म्हणत असतो? त्यानं मागायचं नसतं, आपुन वळखायचं असतं. मागच्या धोंड्याला काय दिल्तं?"

"तांब्याचं घंगाळ."

"घंगाळ! आरं, मास्तरला घंगाळ! त्यो तवापासून मनात धरून बसला असंल."

खरी गोष्ट निराळीच होती, आणि ती इतकी लाजिरवाणी होती की गुरुजी ती स्वतःलाही सांगायला तयार नव्हते. लहानपणी त्यांच्या गावात ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर दर रविवारी एक परदेशी कार्टून लागायचं. एक लंगडा बगळा आणि त्याच्या डोक्यावर बसणारा बेडूक. बगळा अवाक्षर बोलायचा नाही, नुसती मान तिरकी करायचा आणि सगळं गाव लोळायचं. हातानं काढलेली हजारो चित्रं, एकामागून एक. ते काढणाऱ्या बड्या कंपनीनं चित्रकारांची अख्खी फौज घरी पाठवली आणि आता सगळं कॉम्प्युटरवर, असं गुरुजींनी मागं पेपरात वाचलं होतं आणि दिवसभर त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मग एक दिवस पेपरातच जाहिरात आली: बगळा परत येतोय, रविवारी अकरा वाजता! घरात केबल नव्हतं, कारण 'टीव्हीनं पिढी नासली' हे वाक्य अंबडमध्ये खुद्द गुरुजींचंच. वहीवर कार्टूनचं लेबल दिसलं की ते त्या पोराला वर्गाबाहेर एका पायावर उभं करत. सासऱ्याकडं मात्र केबल होतं. म्हणून तर धोंड्याला त्यांनी हाच रविवार धरला होता.

अकराला 'बातम्या बघतो' म्हणून ते एकटेच टीव्हीपुढं बसले. आणि काय दिसलं? प्लास्टिकच्या बादलीसारखा चकाकणारा बगळा! डोळ्यांवर गॉगल, तोंडात चुरूचुरू हिंदी, कमरेला ठुमके. आणि बेडूक? बेडूक काढूनच टाकलेला! पस्तिशीच्या त्या बाप्याच्या घशात आवंढा आला. त्यांनी टीव्ही बंद केला, डोळे पुसले आणि निमूट पाटावर येऊन बसले. आता त्या घशातून धोंडा कसा उतरावा, तुम्हीच सांगा.

एवढ्यात पुंजाराम आला. त्यानं स्वतःच्या बोटातली अंगठी काढली आणि गुरुजी नको नको म्हणत असताना त्यांच्या बोटात सारली. ती मधल्या पेरावर जाऊन अडकली. पुढं जाईना, मागं येईना.

"अहो मामा, खरंच काही नको."

"असू द्या बापू. आमी अडाणी माणसं, ध्यानात आलं न्हाई."

गुरुजींचा चेहरा आणखी उतरला. सासऱ्याची अंगठी आपल्या बोटात, आणि कशापायी तर बगळ्यापायी! आबारावांनी तो उतरलेला चेहरा बारकाईनं न्याहाळला आणि पुंजारामच्या कानात म्हणाले, "अंगठीनं भागलं न्हाई. मोठं कायतरी काढ."

थोड्या वेळानं गुरुजी हात धुवायला मागल्या दारी गेले, तर तिथं चंद्री म्हशीला आंघोळ घालणं चाललेलं. शिंगांना गोंडे, कपाळाला कुंकू. सगुणाबाई तिच्या गळ्यात पडून हमसून रडत होत्या. चंद्री त्यांच्या भावानं दिलेली. वगारू होती तेव्हापासून त्यांनीच वाढवलेली. घरातल्या माणसांशी बोलणार नाहीत एवढं त्या तिच्याशी बोलत.

"मामी, काय झालं?"

"काही न्हाई," सगुणाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तिला हिरवा घास लई आवडतो, तेवढं बघा. आन् रागानं बोलू नका तिच्यावर. दूध चोरती मंग."

गुरुजींच्या पायाखालची जमीन सरकली. तेवढ्यात त्यांची बायको उषा आली आणि दंडाला धरून त्यांना कडब्याच्या गंजीमागं घेऊन गेली.

"लाज कशी वाटत न्हाई हो तुमाला? माह्या मायची म्हैस घेऊन जाता?"

"मला म्हैस नकोय गं!"

"मंग काय पाहिजे? आबारावकाका म्हणून राह्यले, म्हशीनं न्हाई भागलं तर मोटारसायकल. बाबा कुठून आणतील मोटारसायकल? एकदाचं बोला ना!"

गुरुजींनी इकडं तिकडं पाहिलं. कोणी नव्हतं. मान खाली घालून ते पुटपुटले, "बगळा."

"कोणता बगळा?"

मग बगळा, बेडूक, बादली, गॉगल सगळं बाहेर पडलं. उषानं तोंडाला पदर लावला. ती रडते की हसते हे गुरुजींना कळेना. विचारायची हिंमत तर मुळीच नव्हती.

"तू सांग ना त्यांना," ते काकुळतीला आले, "म्हण की पोटात दुखून राह्यलं."

"बिलकुल न्हाई! तुमच्या तोंडानं सांगायचं, सगळ्यांसमोर. न्हाईतर न्या म्हैस एसटीच्या टपावर बसवून. मी येत न्हाई."

एकीकडं गुरुजींची अब्रू, दुसरीकडं सासूची चंद्री. गुरुजी ओसरीवर आले. अख्खी भावकी बसलेली.

"मामा," ते म्हणाले, आणि त्यांचे कान तापून लाल झाले, "मी रुसलेलो न्हाई. टीव्हीवर एक जुनं कार्टून होतं, बगळ्याचं. ते पार बिघडवून टाकलं. त्याचं वाईट वाटलं, म्हणून घास उतरला न्हाई."

भावकी एकमेकांकडं बघायला लागली. मग आबारावांनी कौतुकानं मान डोलावली.

"बघा! याला म्हणतात शिकलेला माणूस. आपल्याला खाली बघायला लागू नये म्हणून कार्टूनचं निमित्त काढून राह्यले. आरं, मास्तर माणूस कार्टूनपायी जेवण टाकतो का? पुंजाराम, मोटारसायकलचं बघ गड्या."

मागल्या दारी सगुणाबाईंनी मोठ्यानं गळा काढला.

खरं बोलूनही सुटका होईना, तेव्हा माणसानं काय करावं? बद्रीनाथ गुरुजी पाटावर चढले. खांद्यावरचं नवं उपरणं दोन्ही हातांवर पसरून त्याचे पंख केले, मान खांद्यात ओढली, आणि भर ओसरीत एका पायावर उभे राहिले.

"हे बघा, बगळा असा. मासा दिसला, की चोच खाली. तेवढ्यात बेडूक ओरडतो, डराँव! मासा पळाला. बगळा डावीकडं बघतो. उजवीकडं बघतो. पायाखाली बघतो. बेडूक त्याच्या डोक्यावरच!"

"मंग वर का बघत न्हाई त्यो?" आबारावांनी एकदम विचारलं.

"तेच तर काका! वर बघतच न्हाई!"

"येडाच हाय!" आबाराव पुढं सरकून बसले. "बरं, मंग?"

मग तिसऱ्यांदा चोच मारताना पाट कलला आणि गुरुजी पंखांसकट शेजारी ठेवलेल्या अनारशांच्या परातीत बसले. सगळ्यात आधी हसल्या त्या सगुणाबाई. डोळ्यांत पाणी तसंच, आणि हसता हसता भिंतीला टेकल्या. मग सगळी ओसरी फुटली.

"खरंच कार्टूनच होतं की हो!" आबाराव खट्टू होऊन म्हणाले. त्यांच्या हयातीत जावयाचं निदान पहिल्यांदाच चुकलं होतं.

चंद्री दावणीला गेली. अंगठीला साबण लावला, तेल लावलं, तूप लावलं, ती काही निघाली नाही. "राहू द्या, बगळ्याचं बक्षीस," पुंजाराम म्हणाला, आणि लोक पुन्हा हसले.

परतीच्या एसटीत गुरुजी खिडकीला तोंड लावून बसले होते. कुठं तोंड दाखवावं आता? हसनाबादच्या लेकी अंबडात दिलेल्या होत्या. आठवड्यात शाळेपर्यंत बगळा पोचणार, आणि मग कुणाला कसं उभं करायचं एका पायावर? उषानं आधी पुढच्यामागच्या सीटांवर नजर टाकली. मग हळूच म्हणाली, "बेडूक चुकला तुमचा."

"काय?"

"ओरडायच्या आधी त्यो गाल फुगवायचा. डावा अगोदर, मंग उजवा. तुमी एकदम ओरडले."

गुरुजी वळून तिच्याकडं बघतच राहिले. "तुला काय माहीत?"

"आमच्या ग्रामपंचायतीत काय टीव्ही न्हवता? खिडकीच्या गजांना लटकून पाह्यचो आमी पोरी. बेडूक तर मला लई आवडायचा."

"आन् इतक्या वर्षांत बोलली न्हाई?"

"कोणाला बोलू? लग्न होऊन आले त्याच दिवशी तुमी सांगितलं, आपल्या घरात असले चाळे चालायचे न्हाईत. मंग मला बी लाज वाटली."

सकाळपासून गुरुजींना पुष्कळ लाज वाटली होती, पण ही सगळ्यात जास्त लागली.  ते बोटात अडकलेली अंगठी चाचपत बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "कर बरं एकदा."

"इथं? लोक आहेत."

"कर ना."

उषानं पदर सावरला आणि डावा गाल टम्म फुगवला. कंडक्टरची नजर पडली.

"ओ पाव्हणं, बाईला मळमळून राह्यलं का? जल्दी खिडकीला सरकवा, गाडीत घाण नको!"

सगळी गाडी वळून बघायला लागली. बद्रीनाथ गुरुजी सीटवर ताठ बसले.

"मळमळत न्हाई हो, बेडूक करून राह्यली ती," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "जरा थांबा. उजवा गाल राह्यलाय अजून."