चीजचा बंदोबस्त

मी साबणाची वडी कापायला घेतली, तेव्हा माझ्या मनात कुणाविषयी काही वाईट नव्हतं. कपडे धुण्याचा साधा पिवळट साबण. तो मी सुरीने चौकोनी कापला, चंदेरी कागदात गुंडाळला आणि चीजच्या रिकाम्या खोक्यात सरकवला. बरोब्बर बसला. (माझी कुठलीही गोष्ट पहिल्या झटक्यात बरोबर बसली की मी सावध व्हायला हवं. पण तसं फारसं कधी झालेलंच नाही, त्यामुळे सवय नाही.)

दुकान आमच्या हिचं. किराणा, डबे, बाटल्या, बिस्किटं, आणि गिऱ्हाइकांनी आपल्या हाताने माल घ्यावा म्हणून दोन्ही बाजूंना उघड्या फळ्या. हे सगळं हिने एकटीने उभं केलं. मी पाणी खात्यात कारकून. दुकानात माझा दर्जा गिऱ्हाइकापेक्षा थोडा कमी. पण वरच्या फळीवरचा डबा काढताना ही स्टुलावरून पडली, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि दुकानामागच्या खोलीत पलंगावर पडून राहायची वेळ आली. मी ऑफिसात रजा मागितली. ती इतक्या चटकन मंजूर झाली की मलाच वाईट वाटलं.

त्यात चौकात नुकतंच एक मोठं दुकान निघालं होतं. काचेची दारं, थंडगार हवा, दारात पिशव्या तपासणारा रखवालदार. तरी आमची गिऱ्हाइकं आमच्याकडे येत होती ती केवळ हिच्यामुळे. गिऱ्हाइकं एकदा तिकडे वळली असती तर प्लास्टर निघेपर्यंत इकडे नुसत्या फळ्या उरल्या असत्या.

“नवीन काही करू नका,” ही म्हणाली. “नुसते गल्ल्यावर बसा. दुपारी धाकटी येईल, मग तुम्ही झोपा.”

धाकटी म्हणजे माझी मेहुणी. चुणचुणीत आहे. घरात अक्कल वाटली तेव्हा या दोघी बहिणी पुढे होत्या, आणि मी त्या घरात लग्नानंतर पोहोचलो.

पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की खालच्या फळीवरचं चीज विकलं जात नाही, पण कमी होतंय. मी लगबगीने आत गेलो.

“चोरी होतेय,” मी दबक्या आवाजात म्हणालो.

“कशाची?”

“चीजची. खालच्या फळीवरच्या.”

“ते असू दे. त्याचं मी बघते.”

“पलंगावरून?”

“त्या चीजकडे तुम्ही बघूसुद्धा नका.”

आता याहून स्पष्ट ती काय सांगणार होती? पण मला वाटलं, बिचारी आजारी आहे, मन हळवं झालंय. एवढं दुकान उभं केलं आणि चोरापुढे हात टेकतेय. माझा ऊर भरून आला. हिच्यासाठी आपण आजवर काय केलं? काही नाही. मग निदान चीजचा तरी बंदोबस्त करू.

म्हणून तो साबण. आणि साबण इतका छान बसल्यावर हात शिवशिवायला लागले. चहाच्या डब्यांत भुसा भरला. कॉफीच्या डब्यांत विटेची पूड. चॉकलेटच्या खोक्यांत सुताराकडून आणलेले लाकडाचे तुकडे, एकेक कागदात गुंडाळून. खोटा माल फळीवर, खरा गल्ल्याखाली. गिऱ्हाईक खोटं खोकं घेऊन येईल, ते मी ठेवून घेईन आणि हसतमुखाने खरं देईन. चोर मात्र साबण घेऊन घरी जाईल आणि त्याला जन्माची अद्दल घडेल. अशी योजना गुप्त राहिली तरच चालते, म्हणून मी ती कुणालाच सांगितली नाही. हिला नाही, धाकटीलाही नाही. आणि दुपारी धाकटी आल्यावर नेहमीसारखा आत जाऊन झोपलो.

(इथे वाचकांच्या काळजात धस्स झालं असेल. माझ्या नाही झालं. मी घोरत होतो.)

जाग आली ती आरडाओरड्याने. “अहो,” ही पलंगावरून म्हणाली, “बाहेर काहीतरी झालंय. म्हणजे तुम्ही काहीतरी केलंय. जा.”

बाहेर दुकान भरलं होतं. इतकी गर्दी आमच्याकडे कधीच नव्हती, म्हणून क्षणभर मला आनंदच झाला. मग शिंप्याने माझ्या नाकासमोर चहाचा डबा उघडला.

“भुसा! बायकोने उकळला हो! रंगसुद्धा आला. मी अर्धा कप प्यायलो, म्हटलं आज जरा वेगळा लागतोय.”

“आणि हे बघा,” दाताच्या डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. त्यांच्या तळहातावर माझं चॉकलेट होतं, त्यावर दातांचे ठसे. “चॉकलेट दातांना वाईट असं मी रोज सांगते. पण इतकं?”

“भाऊजी,” धाकटी रडवेली झाली होती, “मी सगळ्यांना फळीवरचंच दिलं हो. मला काय माहीत?”

माझी पाचावर धारण बसली. “ऐका, ऐका,” मी म्हणालो, “हा माल तुमच्यासाठी नव्हताच.”

“मग कुणासाठी होता?”

“चोरांसाठी.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हे बघणं बरं नव्हे हे मलाही कळलं.

“म्हणजे आम्ही चोर?” शिंपी म्हणाला.

“छे छे! तुम्ही नाही.”

“मग यांच्यातलं कोण?” डॉक्टरीणबाईंनी हात सगळ्या दुकानावरून फिरवला. “एवढी वर्षं येतोय आम्ही. संशय होता कुणावर?”

“सगळ्यांवर. म्हणजे कुणावरच नाही. म्हणजे सगळ्यांवर सारखाच.”

“त्या मोठ्या दुकानात निदान दारातच पिशवी बघतात,” शिंपी म्हणाला. “तोंडावर बघतात. माणसाला भुसा पाजत नाहीत. चला हो.”

आणि माणसं खरोखरच दाराकडे वळली. हिचं दुकान माझ्या डोळ्यांदेखत रिकामं होत होतं, आणि आतल्या खोलीतून हिचा आवाजसुद्धा येत नव्हता. तो आला असता तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात दारातून मॅनेजरसाहेब आत आले. हे आमच्या मागच्या गल्लीतले, बँकेतून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी आणि दुसऱ्या हातात चीजचं खोकं. ओठांच्या कोपऱ्यात पांढरा फेस.

“हा साबण आहे,” ते गरजले. “मी याची तक्रार नोंदवायला आलो आहे!”

“या साहेब, रांगेत या,” शिंपी म्हणाला. “आमचा भुसा आहे. आम्ही आता मोठ्या दुकानात निघालोय. हा माणूस फसवतो.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. (कर्ज द्यावं की नाही, हे ते असेच ठरवत असणार.)

“फसवतो?” ते म्हणाले. “फसवणारी माणसं मी जन्मभर टेबलासमोर बसवून पाहिली आहेत. फसवायला डोकं लागतं. फसवणारा चहात निदान थोडा चहा घालतो. याने नुसता भुसा घातलाय, आणि तोसुद्धा स्वतःच्या ओळखीच्या माणसांना, भर दुपारी! हा लबाड नाही. हा बावळट आहे. याची मी लेखी हमी द्यायला तयार आहे.”

शिंपी थांबला. “ते मात्र खरं,” तो म्हणाला.

“पटतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. माझ्या बावळटपणावर एकाचंही दुमत नव्हतं, आणि त्या एकमतावर दुकान वाचलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर माझ्याबद्दल इतकं ठामपणे कुणीच काही बोललं नव्हतं. त्या क्षणी मी साहेबांच्या पाया पडायचाच बाकी होतो.

आणि तेव्हाच धाकटी म्हणाली, “पण साहेब, चीज मी आज कुणालाच दिलं नाही. तुम्ही कधी घेतलंत?”

साहेबांचे कान लाल झाले. काठी या हातातून त्या हातात गेली. गर्दीत मागे त्यांची सूनबाई पिशवी धरून उभी होती, तिने मान खाली घातली. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हाच! हाच माझा चोर! चोरलेल्या मालाच्या दर्जाची तक्रार घेऊन स्वतःच्या पायांनी आलेला!

खरं सांगतो, एक क्षण माझी जीभ वळवळली. सगळ्या दुकानासमोर माझा बावळटपणा धुऊन निघाला असता. पण नुकतंच याच माणसाने माझं घर वाचवलं होतं, आणि आता तो शाळेतल्या पोरासारखा काठीच्या मुठीकडे बघत होता.

“मी दिलं,” मी म्हणालो. “सकाळी. तू यायच्या आधी.”

साहेबांनी मान वर केली. खिशातून रुमाल काढून ओठांवरचा फेस पुसला.

“अहो,” आतून हिचा आवाज आला. इतका गोड मला तो कधीच वाटला नव्हता. “सगळ्यांना खरा माल द्या. आणि हात जोडून द्या.”

मी हात जोडून दिला. शिंप्याला चहाचे दोन डबे दिले. डॉक्टरीणबाईंना चॉकलेट दिलं, त्यांनी ते माझ्यासमोर फोडून खात्री केली. एकही माणूस मोठ्या दुकानात गेला नाही, याबद्दल मी त्या सगळ्यांचा आजही ऋणी आहे.

सगळे गेल्यावर मी छाती फुगवून आत गेलो. “चोर सापडला. आणि मी त्याला मोठ्या मनाने माफ केलं.”

“चोर कसला?” ही म्हणाली. “त्याचे पैसे सूनबाई दर महिन्याला देते.”

मी खाली बसलो.

मग तिने सगळं सांगितलं. निवृत्त झाल्यावर साहेब खुर्चीतून उठेनात. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, ते ऐकेनात. चीज बंद केलं, तर घरात अबोला. मग एक दिवस हिने त्यांना खालच्या फळीवरून चीज शर्टात सरकवताना पाहिलं आणि आरडाओरडा न करता सूनबाईला कळवलं. दोघींनी मिळून ठरवलं. खालच्या फळीवर डॉक्टरांना चालेल असं, कमी मिठाचं चीज ठेवायचं आणि तिकडे कुणी बघायचं नाही.

“चोरीच्या निमित्ताने चालतात हो ते,” ही म्हणाली. “येताना संशय नको म्हणून लांबून वळसा घालून येतात. आणि जाताना तर जवळजवळ धावतात. डॉक्टर म्हणाले, तब्येत कितीतरी सुधारलीय.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत साहेबांनाही कळलं असतं.” मग तिने पाठीमागची उशी सारखी केली. “पण मघाशी ‘मी दिलं’ म्हणालात ना, ते छान केलंत.” आणि तिने माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण प्लास्टरमधल्या बायकोने हात धरल्याचा आनंद मी आधी घेतला नव्हता.

पुढचे काही दिवस मात्र साहेब आलेच नाहीत. सूनबाई सांगून गेली की बाबा पुन्हा खुर्चीत बसलेत, भिंतीकडे बघत. त्यांना वाटतंय, या माणसाला सगळं कळलंय. ज्याने मला वाचवलं त्याचेच पाय मी बांधून ठेवले होते.

“तुम्हाला काही कळलेलं नाही, हे त्यांना पटवून या,” ही म्हणाली. “तुम्हाला ते सहज जमेल.”

मी साहेबांकडे गेलो. “साहेब,” मी म्हणालो, “मोठी अडचण झालीय. त्या दिवशी सकाळी मी तुम्हाला चीज दिलं, पण कसं दिलं ते मला आठवतच नाही. पैसे घेतले का, तुम्ही बसला होतात की उभे होतात, काहीच नाही. पण दिलंच असणार. नाही का?”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. हळूहळू चेहऱ्यावर तरतरी आली.

“दिलं होतंत,” ते गंभीरपणे म्हणाले. “उभाच होतो मी. फार विसराळू आहात तुम्ही. अशाने दुकानात चोऱ्या होतील.”

दुसऱ्या दिवशी ते लांबचा वळसा घालून आले.

आता हिचं प्लास्टर निघालंय आणि दुकानाचा बंदोबस्त पुन्हा तिच्या हातात आहे. दारातून कुणी आत आलं की ती हसून चौकशी करते, आणि ज्याच्या आईच्या गुडघ्याची नुकतीच चौकशी झाली तो माणूस बदामाच्या पाकिटाला हात लावत नाही. माझी रजा अजून संपलेली नाही. (ऑफिसातून कुणी विचारलेलंही नाही.) म्हणून मलाही एक काम मिळालंय. साहेब यायच्या वेळेला मी दाराजवळच्या स्टुलावर बसून झोपेचं सोंग घ्यायचं. मी ते मन लावून करतो, आणि एवढ्या भल्या माणसांत आपली सोय लागली म्हणून मनोमन सगळ्यांचे आभार मानत डोळे मिटतो.

परवा सोंग जरा खरंच लागलं. अर्धवट जाग आली तेव्हा साहेब शर्टाची बटणं सारखी करत माझ्याजवळ उभे होते आणि काळजीने हिला सांगत होते, “यांना असं दारात झोपू देऊ नका. दिवस वाईट आहेत. कुणीतरी उचलून नेईल.”

“नाही हो काका,” ही म्हणाली. “इतकी वर्षं उघड्यावरच ठेवलंय. अजून कुणी हातसुद्धा लावलेला नाही.”