बाळतात्यांचं भेडस

वैशाखात बाळतात्यांना वाटेत काही विचारायची सोय नव्हती. गावावरच्या कातळी सड्यावरून उतरताना त्यांच्या गालात भेडसाच्या बिया असत.

"तात्या, जेवलात काय?"

"हूं."

"पाव्हणे आले काय?"

"हूं हूं."

घरी पोचून बिया ओल्या मातीत टाकल्या, चूळ भरली की पडवीतून सगळ्यांना एकदम उत्तरं : "जेवलो! पाव्हणे उद्या येतात! आणि मेल्या, तुझी म्हैस आमच्या माडात होती!"

"बी वाळली की मेली," ते सांगत. "खिशात घातलीस की मयत."

भेडस म्हणजे जांभळाच्या कुळातलं रानझुडूप. पालवी तांबूस, फुलं पांढरी, नुसत्या केसरांची, फळं मोत्याएवढी. पोरांखेरीज त्याला कोणी विचारत नाही. तात्यांचं अंगण वाटणीत भावाकडे गेलेलं, म्हणून ते पडवीत करवंट्यांतून रोपं वाढवत आणि लोकांना वाटत. लग्न असो, मुंज असो, आहेर तोच. कोणी म्हणे, "तात्या, त्यापेक्षा हापूसचं कलम द्या." तात्या उसळत, "कलमाला गिऱ्हाईक हाय. याला कोण हाय?"

आम्ही त्यांचे गावातले शेजारी. मी खेडला घर बांधलं तेव्हा ते मांडीवर रोप घेऊन एस्टीनं आले. कंडक्टरला म्हणाले होते, "याचं अर्धं तिकीट फाड." मला बजावलं, "दोन वर्षं पोरासारखं सांभाळ. मग ते तुला सांभाळेल."

मी ते मागे टाकीपाशी ठेवलं आणि विसरलो. पुढे अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. कामगारानं विचारलं, "साहेब, हे काढू काय?" मी फोनवर होतो. हातानंच 'काढ' म्हटलं.

तात्यांचा फोन आला की पहिला प्रश्न, "काय म्हणतं आपलं?" मी म्हणायचो, "बरं आहे." गेल्या वर्षी एकदा घाईत म्हणालो, "फुललं की!" फोन लवकर संपावा, एवढंच कारण. पलीकडे तात्या कितीतरी वेळ नुसते हसत होते.

त्यानंतर सडा कलमांसाठी सपाट झाला. भेडसं गेली. वाटलेल्या रोपांतलं फुललेलं म्हणून तात्यांना माझंच तेवढं ठाऊक. आणि यंदा शिमगा सरता सरता तात्या माझ्या दारात उभे. "बघू दे," म्हणाले. चपला काढूनच मागे आले.

मागे टाकी होती, आणि ब्लॉक होते.

मी सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ब्लॉककडे बघत म्हणाले, "घट्ट बसवलेत हो."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरून, काकूंचा. त्या दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेल्या. मला ठाऊक होतं, तरी मी भेटायला गेलो नव्हतो. काकूंच्या माहेरची वाट त्याच सड्यावरून, भेडसांमधून जायची.

"हो गं, पोचलो," तात्या म्हणाले. "फुललंय. पांढरंधोप! थांब, यालाच विचार." आणि फोन माझ्या हातात दिला.

"वास येतो काय रे?" काकूंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"येतो, काकू."

"वैशाखात दोन दाणे आणशील मला?"

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

"आणतो," म्हणालो.

फोन खिशात टाकून तात्या चपला शोधायला लागले. सापडल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. वैशाख तिला लांब हाय."