नदीचा उतार घटकाभर धरिला, त्याची हकीकत

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवून, वडिलांचे मुखे जे ऐकिले ते पदरचे न घालता लिहितो. शके सोळाशे बावन्न, साधारणनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी गनीम राज्याचे उत्तर सीमेवर चालोन आला. नदीचा उतार, म्हणजे पायी पार होण्याची जागा, त्याचे हाती गेला तर मुलूख उघडा पडतो, हे जाणोन महाराजांनी तुबाजी खराडे यांस थोड्या जमावानिशी पुढे पाठविले आणि आज्ञा केली की, "घटकाभर उतार धरा, आम्ही फौज घेऊन आलोच." तुबाजी मुजरा करून निघाले, आणि त्यांचा जिवाचा सोबती सुभानजी डफळे हाही संगे निघाला. सूर्योदयी गनीम पाण्यात उतरला, आणि मोठे झुंज जाहले, आणि दोन वेळा गनीम मागे रेटिला, आणि सूर्य माथ्यावर आला तरी महाराजांची स्वारी दिसेना. मग सुभानजीस गोळी लागोन तो पडला, आणि माणूस फार थोडे उरले, तेव्हा तुबाजींनी जखमी माणसे घोड्यांवर घालोन उतार सोडिला. महाराज पोहोचले तो दिवस कलला होता आणि गनीम अलीकडे आला होता.

पुढे सदरेवर तुबाजींस उभे केले. फडणीस म्हणाले, "उतार सोडिला, हुकूम मोडिला." यावर नरहरशास्त्री, जे मनाचे कोवळे होते, ते उठोन म्हणाले, "महाराज, घटका म्हणजे साठ पळे. छिद्राची वाटी पाण्यात सोडावी, ती भरोन बुडाली की घटका जाहली. तुबाजी तर दोन प्रहर लढले. हुकूम मोडिला कैसा?" सभेस हे मानवले. परंतु तुबाजी हात जोडोन म्हणाले, "शास्त्रीबाबा, आपण मजला वाचविता, उपकार आहेत. पण पाहुणा उठू लागला म्हणजे आम्ही घटकाभर बसा म्हणतो, आणि जेवल्याविना उठू देत नाही. बाजारास जाणारा घटकाभरात येतो म्हणतो आणि तिसरे प्रहरी येतो, त्याशी कोणी भांडत नाही. पाण्यात वाटी सोडोन कोण बोलतो? महाराज बोलिले, तेव्हा मी समजलो, महाराज येईतोवर. तितके मजकडोन जाहले नाही. उरलेली माणसे माझे तोंडाकडे पाहू लागली, आणि त्यांस मरा म्हणवेना. शिक्षा द्यावी, पण माझ्यासाठी शब्द वाकवू नये."

महाराज तुबाजींकडे वळले. मग पुसिले, "सुभानजी शेवटी काही बोलिला?"

तुबाजी म्हणाले, "बोलिला. 'फौजेची धूळ दिसते का?' म्हणाला. मी दिसते म्हणालो. दिसत नव्हती."

तेव्हा महाराज गादीवरून उठले आणि भर सदरेत म्हणाले, "वाटेत देशमुखाने डेऱ्यास बोलाविले, घटकाभर पानविडा घ्यावा म्हणाला. आम्ही उतरलो, मग गाणे सुरू जाहले, आणि आम्ही बसलो. शिक्षा कोणास द्यावी, फडणीस?" महाराजांनी तुबाजींस आपले हाते शेला पांघरविला, आणि दुसरे दिवशी लवाजमा न घेता, पायी, सुभानजीचे घरी गेले.

सुभानजीची बायको म्हाळसाबाई ओसरीवर आली आणि म्हणाली, "महाराज, उतार राहिला का?"

महाराज म्हणाले, "नाही."

"मग आमचे माणूस कशास गेले?"

महाराज म्हणाले, "तुमचे धनी लढत होते, तोवर मागली गावे लेकरे-गुरे घेऊन डोंगरी चढली. त्यांतले एकही माणूस गनिमाचे हाती लागले नाही."

बाई म्हणाली, "हे मजला कोणी सांगितले नव्हते." आणि भिंतीस टेकोन, तोंडास पदर लावोन रडली. मग डोळे पुसोन तिने पाण्याचा तांब्या ठेविला आणि म्हणाली, "बसावे." महाराज बसले. सांज जाहली तरी उठले नाहीत, आणि तिनेही उठा म्हटले नाही.

सारांश, उतार फाल्गुनात परत घेतला, आणि तुबाजी तेथे ठाणेदार जाहले. रणातील हुकमात घटकाभर म्हणू नये, अमुक होईतोवर म्हणावे, ऐसी शिस्त पडली. घरीदारी लोक म्हणतातच, त्यास मनाई नाही. मात्र म्हाळसाबाईसमोर तो शब्द गावात कोणी उच्चारीत नसे. जाहले ते इतके.