मयूरसेनाची नदी

सोपान मास्तरांनी निबंधाचा विषय सांगितला आणि मोहनरावांना तोंडातल्या पानाचा ठसका लागला.

सन पस्तीसचा गणपती तोंडावर आला होता. पणदऱ्याच्या देवळात उत्सवाची बैठक भरली होती. शाळेतल्या पोरांची निबंधाची चढाओढ लावायची, निबंध मयूरसेन आख्यानावर असायचा आणि पहिला येईल त्यानं तो गणपतीपुढं साऱ्या गावाला वाचून दाखवायचा, इथवर सगळं गोडीगुलाबीनं ठरलं होतं. आख्यान जुनं. दर चौमाशात देवळात वाचलं जायचं, त्यामुळं गावच्या म्हशींनाही ते पाठ असावं. विषय काढायचं काम तेवढं मास्तरांकडं होतं. मास्तर नुकतेच बारामतीहून बदलून आलेले, चष्मेवाले, निरुपद्रवी गृहस्थ.

"मयूरसेन राजाने प्रजेची नदी आपल्या बागेकडे वळवली, हे न्यायाचे झाले काय?" मास्तर म्हणाले होते.

मोहनरावांनी ठसका आवरून बैठकीवर नजर फिरवली. एरवी चहा गोड की अगोड यावर भांडणारी माणसं, पण आज साऱ्यांच्या माना खाली. जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. म्हणजे सगळ्यांना कळलंय, मोहनराव मनात म्हणाले.

गोष्ट अशी होती की मोहनराव पाळीचे पंच होते. कॅनॉलचं पाणी गावच्या चारीला, म्हणजे छोट्या पाटाला, सुटलं की ते कधी कुणाच्या रानात जायचं, हे ते ठरवत आणि त्यांचा शब्द गाव मानत असे. यंदा पावसानं पाठ फिरवलेली. मागच्या पाळीला मोहनरावांचा ऊस माना टाकत होता आणि पाणी होतं शेजारच्या छबूबाईचं. बाई विधवा, एकटी राबणारी. पहाटे बांधावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. मोहनरावांनी पाटाच्या बांधाला खोरं मारलं आणि पाणी हळूच आपल्या उसात घेतलं. तेव्हा कुणी बघितलं नव्हतं, अशी त्यांची समजूत होती. हे उजेडात आलं की पंचकी गेलीच, शिवाय चावडीवरून जाताना लोक रामराम घालायचं सोडून नुसते खाकरणार.

"मास्तर, पोरास्नी राजाचा न्याय काय कळतोय?" मोहनराव म्हणाले. "दुसरा इषय काढा."

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "मग असं करू. राणी सगळं जाणून गप्प का राहिली?"

मोहनरावांनी घाईनं हात आडवा केला. "तिसरा काढा."

"प्रधानाला राजाची चोरी कशावरून कळली?"

आता मात्र शंकेला जागाच उरली नाही. मास्तर दिसायला गरीब, पण आतल्या गाठीचा. "उद्या बघू," म्हणून मोहनरावांनी बैठक मोडली आणि वाटेतच गड्याकरवी मास्तरांकडं गुळाची ढेप धाडून दिली. गूळ खाल्लेलं तोंड जरा गोड बोलेल, असा त्यांचा हिशोब.

घरी आल्या आल्या त्यांनी बायकोला गाठलं. "मास्तरणीसंगं काय बोललीस तू?"

सरुबाई भाकरी थापत होती. "दळणाचं बोलले."

"दळणाचंच?"

"मग काय पाण्याचं बोलू?"

मोहनराव चुलीपुढं बसले. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? धोतराचा चिखल मीच धुतला न्हवं का? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय."

"मग इतकं दिस बोलली न्हाईस ती?"

"ते आख्यानातल्या राणीला इचारा," सरुबाई म्हणाली आणि भाकरी उलटली. "आन् पोरगं देवळात वाचंल त्याच्या आधी छबूबाईला सांगून मोकळं व्हा. दुसऱ्याच्या तोंडनं कळण्यापरीस ते बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहनराव जड पावलांनी छबूबाईच्या मळ्यात गेले. ती दोडकी तोडत होती. त्यांना बघून तिचा चेहरा उतरला.

"छबूबाई, मागल्या पाळीला तुमचं पाणी..." मोहनराव बांधाकडं बघत म्हणाले. "ते मी घेतलं. चूक झाली. पुढली माझी पाळी तुमची."

छबूबाईनं डोईवरचा पदर सारखा केला. मग ती खाली मान घालून म्हणाली, "आबा, मला वाटलं तुमी मलाच पकडाय आलाय. त्याच्या आदल्या पाळीला तुमच्या पाटाचं दारं फोडून पाणी मी घेतलं हुतं. मिरच्या करपाय लागल्या हुत्या वो. म्हणून काल सांजच्याला मास्तरास्नी भोपळा निऊन दिला. म्हणलं, तेवढा नदीचा इषय गाळा."

आपला ऊस कशानं वाळला होता, हे त्यांना आत्ता उमगलं. रागवावं की हसावं हे न कळून ते तसेच मास्तरांच्या घरी गेले.

मास्तरांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. वांगी, गवार, भोपळे, कणसं यांचा ढीग, आणि त्यात मोहनरावांची ढेप. मास्तर कोपऱ्यात भेदरून उभे होते.

"मोहनराव, माझ्यावर गावाचा काही संशय आहे का?" त्यांनी विचारलं. "कालपासून जो येतो तो भाजी ठेवतो आणि नदीचा विषय नको म्हणतो. अहो, शाळेच्या पोथीला वाळवी लागली. नदीचा अध्याय तेवढा शाबूत राहिलाय. मी दुसरा विषय आणू कुठून?"

मोहनरावांनी त्या ढिगाकडं नीट बघितलं. वांगी कुणाच्या रानातली, गवार कुणाच्या, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं. गावच्या चारीवर एकही रान सुटलं नव्हतं. ज्या गावाचे आपण पंच, त्या गावात पाळी म्हणून कधी काही चाललंच नव्हतं तर.

"ऱ्हाऊ द्या तोच इषय," ते म्हणाले.

"पण लोकांना राग येईल."

"न्हाय येत. रागवाय मान वर लागती."

गणपतीपुढं पोरानं खणखणीत आवाजात निबंध वाचला. राजानं प्रजेचं पाणी चोरणं हे महापाप आहे, असं त्यानं ठासून सांगितलं. सगळं गाव आपापल्या अंगठ्याकडं बघत ऐकत होतं, मोहनरावसुद्धा.

मास्तर त्या रात्री भोपळ्याची भाजी खाता खाता बायकोला म्हणाले, "गाव फार विनयशील आहे. पुढच्या वर्षीही हाच विषय ठेवावा म्हणतो."