मास्तरांची मान

रविवारी सकाळी रस्ता ओलांडणाऱ्या एका आजीबाईंसाठी मास्तरांनी गाडी थांबवली. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवावं, हे ते शेजारी बसलेल्या बायकोला समजावून सांगत होते, तेवढ्यात मागून बेकरीच्या टेम्पोने त्यांना ठोकलं. धक्का तसा किरकोळच होता. बंपर चेपला, डिकी उघडली आणि आपली आपण पुन्हा बंद झाली.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. बावीस वर्षांत त्यांनी निम्म्या गावाला गाडी शिकवली होती आणि स्वतःच्या गाडीवर साधा ओरखडा येऊ दिला नव्हता. त्यामुळे टेम्पोवाला हात जोडून खाली उतरला, तेव्हा त्यांना रागापेक्षा शिकवण्याचाच हुरूप आला. भर रस्त्यात वीस मिनिटं त्यांनी त्याचा तास घेतला. तो बिचारा एकच विचारत राहिला, "साहेब, तुम्हाला, बाईंना कुठं लागलं नाही ना? दवाखान्यात सोडू का?"

"छे! आम्हाला काय होतंय?" मास्तर म्हणाले. 'आम्हाला' म्हणताना त्यांनी बायकोकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. ती गाडीत बसून होती, मानेवर हात ठेवून.

सोमवारी सकाळी ती शिवणयंत्रावर बसली होती. शाळेच्या बँडसाठी अठरा कोट शिवायचं काम तिने घेतलं होतं. ते शनिवारी द्यायचे होते. अर्धी बाही झाल्यावर ती थांबली.

"अहो, मान आखडलीय. डोकंही जड झालंय. कालच्या धक्क्यानं असेल का?"

मास्तर बूट घालत होते. "धक्का बसला काल, आणि दुखतंय आज? दुखणं काय टपालानं येतं?"

हा विनोद त्यांना इतका आवडला, की दिवसभरात तो त्यांनी तीन विद्यार्थ्यांना ऐकवला. बायकोने मात्र गळ्याभोवती गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळला आणि बाही पूर्ण केली.

मंगळवारी पहाटे मास्तर उठायला गेले, तर धड उठलं आणि डोकं उशीवरच राहिलं. त्यांनी पुन्हा जोर लावला. मानेतून अशी कळ गेली, की पायाची बोटंसुद्धा ताठ झाली. शेवटी कलिंगड उचलावं तसं त्यांनी स्वतःचं डोकं दोन्ही हातांनी उचलून खांद्यांवर ठेवलं. बायकोला हाक मारायला तोंड उघडलं आणि कालचा विनोद आठवला. तोंड मिटलं. तिच्या उशाशी मलमाची बाटली होती, तीच त्यांनी गुपचूप मानेला चोपडली. वास लपवायचा प्रश्न नव्हता. घरभर कालपासून तोच वास होता.

त्या दिवशी ग्रंथपाल बाईंची लायसन्सची परीक्षा होती. या बाई मास्तरांचा शब्द न् शब्द वहीत लिहून घेत आणि मास्तर करतील तसं हुबेहूब करत. परीक्षेआधी मैदानात एक शेवटची फेरी मारायची असं ठरलं होतं.

"वळण्याआधी काय करायचं?" मास्तरांनी समोर बघत विचारलं.

"मान वळवून मागे पाहायचं."

"शाबास. हे असं." सवयीने ते वळायला गेले आणि कळ डोळ्यांत आली. मान हलेना. मग कपाट सरकवावं तसं त्यांनी कमरेपासून अख्खं अंग वळवलं.

बाईंच्या भुवया वर गेल्या. "अरेच्चा! हे आधी शिकवलं नव्हतं तुम्ही."

"हं," मास्तर दात आवळून म्हणाले. त्याच वेळी खरं सांगितलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

बाईंनी कमरेपासून अख्खं अंग वळवलं. अंगाबरोबर हात वळले, हातांबरोबर स्टिअरिंग वळलं, आणि स्टिअरिंगबरोबर गाडी आखलेली वाट सोडून फुलांच्या वाफ्यात शिरली. "ब्रेक! ब्रेक!" मास्तर ओरडले. त्यांच्याही पायाखाली ब्रेक होता, पण वळताना पाय सरकला होता, खाली बघितल्याशिवाय ब्रेक त्यांना सापडेना आणि खाली बघता येईना. मैदानाच्या कडेला बसलेल्या परीक्षकांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर गाडी बंद पडली. परीक्षक झेंडूच्या पाकळ्या झटकत उभे राहिले.

"मास्तर, तुमची विद्यार्थिनी? अशी?"

"नाही हो, त्यांनी शिकवलं तसंच केलं मी!" ग्रंथपाल बाईंनी ठणकावून सांगितलं आणि पुराव्यादाखल वही उघडली.

संध्याकाळी मास्तर घरी आले आणि भिंतीच्या कडेकडेने आत निघाले. बायकोने मागून हाक मारली, "अहो." ते पावलापावलाने गोल फिरले. तिने ते फिरणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं.

"कधीपासून?"

"सकाळपासून."

आता ती टपालाचं काढणार, म्हणून ते वाट पाहत उभे राहिले. तिने काढलं नाही. शेगडीवर पाणी ठेवलं, टॉवेल भिजवून त्यांच्या मानेवर ठेवला आणि म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊ." त्यांच्या मानेसाठी एका मिनिटात ठरलं. तिची मान दोन दिवस दुखत होती. गरम टॉवेलखाली मास्तरांना हे फार उशिरा उमगलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी मास्तरांना तपासलं. "मागून धक्का बसला की अंग सीटबरोबर पुढे जातं आणि डोकं मागे राहतं, मग झटक्यात पुढे येतं. मानेचे स्नायू ताणले जातात. सूज हळूहळू चढते, म्हणून त्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान धरते. यात नवल काही नाही. पडून राहू नका, मानेला पट्टा लावून मिरवू नका. शेक घ्या आणि मान थोडी थोडी हलवत राहा. हाताला मुंग्या, बधिरपणा, असं काही?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मला आहे," मागच्या बाकावरून बायको म्हणाली. "उजव्या हाताची दोन बोटं. सोमवारपासून."

मास्तर वळले, अर्थातच सगळेच्या सगळे.

"मला सांगितलं नाहीस?"

"मानेचं सांगितलं होतं की."

डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून पुन्हा पुन्हा तपासलं, बोटांवर टाचणीचं टोक टेकवून पाहिलं, एक्स-रे काढायला पाठवलं. "हाड शाबूत आहे, नशीब. पण नसेला सूज आहे. बोटं बधिर झाली की त्याच दिवशी यायचं असतं, बाई. उशीर परवडत नाही. गाडीत डोक्यामागे हेडरेस्ट होतं ना?"

मास्तरांनी घसा साफ केला. "त्या सीटचं मी काढून ठेवलंय. गाडी मागे घेताना मला दिसत नाही नीट."

डॉक्टरीणबाईंनी फक्त लिहून घेतलं. ते लिहिणं मास्तरांना परीक्षकांच्या बोलण्याहून जास्त लागलं.

मास्तरांची मान आठ दिवसांत मोकळी झाली. तिला मात्र दीड महिना व्यायाम सांगितले आणि वाकून शिवायची मनाई केली. तेरा कोट झाले होते, पाच राहिले होते. शाळेने एका आठवड्याची मुदत वाढवून दिली. हेडरेस्ट मास्तरांनी दवाखान्यातून आल्यावर त्याच संध्याकाळी बसवलं. ते बसवायला दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि म्हणूनच त्यांना जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ते शिवणयंत्रावर बसले. बायको शेजारच्या खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसली.

"पाय एकदम दाबू नका. सुईकडे बघा, माझ्याकडे नको. कापड ओढायचं नाही, नुसतं धरायचं."

"कळलं गं."

"कळलं तर यंत्र एवढं ओरडतंय कशाला?"

सोळाव्या कोटाची कड संपली. मास्तरांनी दोरा तोडला. तिला वाकून पाहता येत नव्हतं. "सरळ आली?" तिने विचारलं.

मास्तरांनी कड पाहिली. आली म्हणून सांगितलं असतं, तर तिला कळायचं काही कारण नव्हतं. कोट बँडमधल्या ढोलवाल्याचा होता, आणि कड ढोलाखाली झाकली जाणार होती.

"नाही," ते म्हणाले. "वाकडी आलीय. माझंच चुकलं."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. हे शेवटचे दोन शब्द तिने त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. तिने बऱ्या असलेल्या हाताने कात्री त्यांच्यापुढे सरकवली.

"मग उसवा," ती म्हणाली.